पूजेआधीचे पाणी

अण्णा,

लातूर आता जिल्हा झाला. दवाखान्याची जुनी पाटी उतरवून नवी लावली, शिक्के बदलले, आणि पुरुषांचा शस्त्रक्रिया वॉर्ड माझ्याकडे आला. लघवी तुंबलेले, मुतखड्याचे, प्रोस्टेटचे रुग्ण त्यातच असतात. बहुतेक तुमच्याच वयाचे. सकाळच्या पाळीत मी त्यांच्या खाटांखालच्या बाटल्या पाहत फिरते, आणि शस्त्रक्रिया झालेल्याच्या हाती पाण्याचा पेला देण्यापूर्वी विचारते, “पूजा झाली का, मामा?” नव्या मुली आपसात हसतात. एकीने परवा विचारलेच, “सिस्टर, हे कोणत्या पुस्तकात आहे?” मी पेला देऊन पुढच्या खाटेकडे वळले. तुम्हाला ते सांगावे लागणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

दुष्काळाच्या वर्षी अव्वाने तुम्हाला नांदेडला आणले. आपला जिल्हा तेव्हा उस्मानाबाद. पण उदगीरहून नांदेडची एसटी सोयीची, आणि प्रोस्टेटची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तिथे होते. मी तिथेच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हे तुम्ही वाटेत एकदाही काढले नाही, असे अव्वा सांगते. शाळेत मी पहिली आले तेव्हा तुम्ही दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पेढा दिला होता. नर्सिंगला जाते म्हटल्यावर मात्र तराजू हातात धरूनच म्हणालात, “पहिली आली, अन् आता परक्या बाप्यांची भांडी उचलायला चालली.” त्यानंतर माझ्याशी बोलणे सोडलेत. सुटीत घरी आले की मी समोर बसलेली असताना अव्वाला सांगत असा, “तिला म्हणावं, जेवून घे.” मीही मुळातच अबोल. पुस्तक उघडून बसले की दिवस निघून जाई.

शस्त्रक्रिया नीट झाली. घरच्या रुग्णाच्या खाटेवर विद्यार्थिनीला काम देत नसत. स्त्रियांच्या वॉर्डातून सुटले की मी तुमच्या वॉर्डाच्या दाराशी उभी राहत असे. नळीतून लाल लघवी खाटेखालच्या काचेच्या बाटलीत उतरत होती. भरपूर पाणी प्यावे, म्हणजे नळीत रक्ताची गाठ अडकत नाही, एवढेच तुमच्याकडून हवे होते. वॉर्डच्या सिस्टर पेला भरून देत, आणि फेरी मारून आल्यावर तो रिकामा पाहून समाधानाने पुढे जात. ते पाणी अव्वा पीत होती. तुम्ही पेला तिच्या हाती देत होता. दवाखान्यात टँकर आणील तेवढेच पाणी. अंघोळीला थेंब नाही. अंघोळ नाही म्हणून गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा नाही, आणि पूजेशिवाय तुमच्या तोंडात पाणी नाही. मिळालेले पाणी ओतून देणे मात्र त्या वर्षी कोणालाच शक्य नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दाराशी येते तेव्हा तुमचे ओटीपोट तट्ट फुगलेले आहे, आणि तुम्ही खाटेची कड घट्ट धरली आहे. बाटलीत काहीच उतरत नाही. सिस्टर मोठ्या सिरिंजमध्ये सलाइन ओढून घेत आहेत. मदतीला जवळ कोणी नाही. “ये, ट्रे धर,” त्या मला म्हणतात.

तुम्ही डोळे उघडता. “ती नगं. लेक हाय माझी.”

“आत्ता ती माझी पोरगी आहे, मामा. तुमची तुम्हाला संध्याकाळी परत देते.”

तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवता. सलाइन हळूहळू आत जाते. परत ओढले की काळपट गाठी ट्रेमध्ये पडतात. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग नळी मोकळी होते, आणि तुमची बोटे खाटेच्या कडेवरून सुटतात.

सिस्टरनी पेला पुढे केला. “आता प्या. परत नळी तुंबली तर पोट उघडावं लागंल, अन् तेवढं रक्त राहिलं नाही तुमच्यात.”

“पूजा झाल्याबिगर न्हाई.”

तेव्हा कुठे अव्वाने सगळे सांगितले. सिस्टरनी पेला खाली ठेवला. “म्हणजे मावशी, ते सगळं पाणी तुम्ही पिलात?”

“मग काय सांडू?” अव्वा म्हणाली.

ओल्या फडक्याने अंग पुसून देते, पूजा करा, असे सिस्टर म्हणाल्या. तुम्ही नळीकडे बोट केले. “अन् हे? असल्या अंगानं लिंग हातात घेऊ?”

याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते तुमचेच होते. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा शेजारच्या मुलींचे पाहून मी न्हाणीजवळ वेगळी बसले होते. तुम्ही दुकानातून आत आलात आणि म्हणालात, लिंग बांधलेल्याला इटाळ नसतो. ऊठ, पूजेला बस.

मी ट्रे हातात धरूनच बोलले. “अण्णा, आपल्यात इटाळ न्हाई. तुम्हीच म्हणला होता मला. पाणी नसलं तर भस्म लावत्यात.”

शेजारच्या खाटेवरचे हदगावचे म्हातारे म्हणाले, “बोलती की पोरगी. आम्ही मुकीच समजलो होतो.”

तुम्ही भिंतीकडे तोंड ठेवूनच अव्वाला विचारलेत, “भस्म हाय का पिशवीत?” आणि मान न वळवता मला म्हणालात, “हात धू, अन् जरा उठवून बसव मला.”

मी बसवले. कपाळाला, दंडांना भस्म लावून तुम्ही गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर घेतलेत, चमचाभर पाण्याने पूजा केलीत, आणि त्यानंतर मी दिलेला पेला प्यालात. मग आणखी एक. मी देत गेले, तुम्ही पीत गेलात.

तुम्ही बरे होऊन घरी गेलात, आणि पुढच्या उन्हाळ्यात दुकानात बसल्या बसल्या हृदय बंद पडले. माती देताना तुम्हाला बसवले होते, तळहातावर लिंग होते. मी रडले नाही. नर्सेसचे काळीज असेच होते, असे कोणीतरी म्हणाले. तसे असेलही, मला त्यावर काही वाटले नाही, अजूनही वाटत नाही.

अव्वाला वाचता येत नाही. या सुटीत तिला हे वाचून दाखवावे असे मनात होते, दाखवणार नाही. ती पुन्हा तेच विचारील. ती म्हणते, त्या दुपारी पाणी पिताना तुम्ही पेल्याआडून सारखे माझ्याकडे पाहत होता, आणि तुमचे डोळे भरले होते. “तू पाह्यलीस न्हवं?” ती विचारते, आणि मी दर वेळी हो म्हणते. मी पाहिले नव्हते, अण्णा. मी बाटलीकडे पाहत होते. लाल लघवी फिकट होत होती, आणि तो रंग मात्र मला नीट आठवतो.