दोन वाड्यांची एक खोली

पालेगाव, अंबरनाथ पूर्व
११ मे २००८

प्रिय शिवराम,

सप्रेम जयभीम. फोनवर तुला काही सांगता आलं नाही. एसटीडीच्या दुकानात मागे माणसं ताटकळत उभी असतात, आणि तू फोनवर नुसता हं हं करतोस, त्यामुळे तुला कळलं की नाही हेही कळत नाही. आज रविवार, कामाला सुट्टी, म्हणून लिहायला बसले. पत्र तू एकट्याने वाच. यातलं थोडं तुला ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून ओळीने लिहिल्याशिवाय जमत नाही. बालवाडीत इतकी वर्षं काढली, तिथली सवय.

तू पाठवलेली सुकट मिळाली. इथल्या बाजारात मासे मिळतात, पण बर्फातले. पहिल्या आठवड्यात मी बोंबील आणले आणि ते तव्यावर विरघळूनच गेले. हवा कोरडी आहे, त्यामुळे माझे गुडघे तिथल्यापेक्षा बरे आहेत, अधूनमधून धरतात. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा वास येतो, तेव्हा खिडकी लावून घ्यावी लागते. नळाला पाणी एक दिवस आड येतं, पण गोडं येतं. तुला हसू येईल, पहिल्या दिवशी मी नळाखाली ओंजळ धरून नुसती पीत राहिले. आपल्या विहिरीचं पाणी असं शेवटचं कधी लागलं होतं ते आठवेना. बांध फुटला त्या पावसाळ्यापासून प्रत्येक उधाण विहिरीत आणि शेतात शिरतंय. कुणबीवाडी चढावर आहे, त्यांची भातं अजून थोडीफार होतात. ते आणखी काही वर्षं तगतील. आपण सखल भागात. आपल्या चुलीत खाडी येते.

म्हणूनच गाव नव्या जागी हलवणाऱ्या संस्थेची अट ऐकून मी घाबरले होते. गाव हलायचं तर सगळं हलायचं, दोन्ही वाड्यांनी हो म्हटलं तरच पालेगावची जागा. म्हणजे आपलं जाणं त्यांच्या हातात. त्या सभेत कुणबीवाडीचा हिरामण, गावकीचा पुढारी, उठून म्हणाला, समुद्र सोडून कारखान्यांच्या मुलखात कोण जाणार, आणि सगळे माना डोलवायला लागले. तेव्हा संस्थेची ती मुलगी, मैत्रेयी, हिने तोड काढली. दोन्ही वाड्यांतून एकेक बाई पुढे पाठवा, म्हणाली. तिथे राहू दे, पाणी भरू दे, काम करू दे. मग तिचं ऐका आणि हात वर करा. आपल्याकडून मी निघाले, आणि त्यांच्याकडून हिरामणची भावजय, कौसाबाई. तिचा नवरा गेलेला, मुलगा सोनू हाताशी आलेला, म्हणून ती मोकळी. आम्हा दोघींना मिळून एक खोली आहे आणि त्यात गॅसची एक शेगडी आहे, हे आम्हाला इथे आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी कौसाबाईने इमारतीच्या मागे तीन दगड मांडून चूल पेटवली. वॉचमन धावत आला, धूर करायचा नाही म्हणाला. मग ती रॉकेलचा स्टोव्ह आणायला निघाली, तर इथलं रेशनकार्ड नाही म्हणून रॉकेल मिळेना. शेवटी ती शेगडीपाशी आली. आधी शेगडी घासून काढायची, मग स्वतःचं शिजवायची. माझं झालं की पुन्हा घासायची. तिची घागर खिडकीपाशी, माझी दारापाशी. मला हे नवं नव्हतं. बालवाडीत मी खिचडी शिजवायचे तेव्हा हिचाच सोनू घरून डबा घेऊन यायचा आणि कोपऱ्यात पाठ करून खायचा. चारपाच वर्षांचं पोर, त्याला काय कळणार. एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, बाई, तुमची खिचडी वासाला चांगली आहे.

मैत्रेयीने आम्हाला उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये काम मिळवून दिलं. तिथे घरोघर जीन्सच्या पँटी शिवतात. आम्ही बसून त्यांचे लोंबते धागे कापतो. मालक सिंधी आहे, माणूस बरा आहे, दिवसभर चहा पाजतो आणि दिवसभर ‘अम्मा, हाथ चलाओ’ म्हणतो. त्याच्या बायकोला कौसाबाई म्हणता येत नाही, ती तिला कौशल्या म्हणते. तिथे कोणी आम्हाला वाडी विचारली नाही. दोघी एकाच गावच्या म्हणून दोघींना एकाच सतरंजीवर बसवलं, एकाच तांब्यातलं पाणी दिलं. पहिल्या दिवशी कौसाबाई दुपारपर्यंत तहानलेली राहिली. दुसऱ्या दिवशी प्यायली.

घरी शेगडीचं कधी बदललं ते मला नेमकं सांगता येणार नाही. दिवसभर मान मोडून घरी यायचं आणि मग एकीने दुसरीचं होईपर्यंत थांबायचं, याचा कंटाळाच आला असणार. एका संध्याकाळी तिला यायला उशीर झाला. मी सुकटीचं कालवण आणि भात करून ठेवला होता. ती आली, हातपाय धुतले, माझ्या समोर बसली, ताट ओढून घेतलं आणि जेवली. म्हणाली, मीठ कमी हाय. मी मिठाची बरणी सरकवली. एवढंच झालं. त्यानंतर जी आधी पोचेल ती शिजवते. तिच्या हातची भाकरी माझ्यापेक्षा पातळ होते, हे मान्य करायला हवं. सांधे दुखतात तेव्हा ती माझ्या गुडघ्यांना तेल लावते आणि मी तिला सोनूची पत्रं वाचून दाखवते. त्याचं लग्न ठरलंय, पुढच्या वर्षी आहे. मुलगी शेजारच्या गावची, हिरामणच्याच नात्यातली.

पालेगावच्या लोकांचंही लिहायला हवं. आम्ही आलो तेव्हा नाथा म्हणून इथला एक शेतकरी रोज सायकल थांबवून विचारायचा, खारीवाले अजून किती येनार? खाडीकडचे म्हणून आम्ही त्याचे खारीवाले. त्याची शेती बिल्डरला गेलीय, उरलाय तो एक गोठा आणि दोन म्हशी. त्याचा राग आमच्यावर नव्हता, पण समोर आम्हीच होतो. मैत्रेयीने त्याला आणि त्याच्या घरच्यांना आमच्या खोलीत चहाला बोलावलं. एवढी माणसं आली तर पाणी वाढीव मिळणार आहे का, हे त्याने तिला तोंडावर विचारलं. तिने होय म्हटलं नाही, प्रयत्न कुठवर आलाय ते सांगितलं, आणि नंतर दर आठवड्याला येऊन सांगत राहिली. आता नाथा दूध देऊन जातो.

त्यानेच आम्हाला नाल्याचं सांगितलं. महिन्यापूर्वी मैत्रेयी नकाशा घेऊन आली आणि तिने तो खोलीत जमिनीवर पसरला. घरांच्या दोन ओळी. वरची ओळ कुणबीवाडीची, खालची नाल्याकडची आपली. म्हणाली, तुमच्या गावकीने सांगितलं तसा काढलाय, वाड्या वेगळ्या ठेवा म्हणाले. मला पटत नाही, पण माझ्या एकटीच्या पटण्यावर तो बदलणार नाही. दोन्ही वाड्यांकडून एकेकीने मागितलं तर मी संस्थेत चिठ्ठ्या टाकून घरं वाटायचं मांडू शकते. नाथा दूध घेऊन दारात उभा होता. त्याने मान वाकडी करून नकाशा बघितला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, हितं पावसाल्यात पानी भरतं. नाल्याकाठच्या स्वतःच्या गोठ्याच्या भिंतीवरची २००५ सालच्या मोठ्या पुराची खूण दाखवायला तो आम्हाला घेऊन गेला. माझ्या छातीइतकी होती. म्हणजे बघ शिवराम, शेदीडशे किलोमीटर लांब येऊन पुन्हा आपल्याच चुलीत पाणी.

मी तिथल्या तिथे म्हटलं, चिठ्ठ्या टाका. कौसाबाई गप्प राहिली. रात्री जेवतानाही गप्प. मग माझा तोल गेला. मी म्हटलं, माझ्या हातचं खातेस, मग तोंड उघडायला काय होतं तुला? तिने ताट खाली ठेवलं. म्हणाली, मी तोंड उघडलं तर तुजं काय जाणार? तू तर आधीच भायेर हायस. मला भायेर काढतील. सोनूचं लगीन मोडंल, माझ्या मयताला खांदा द्यायला कोण येनार नाय.

बाबांनी धम्म घेतला आणि घरातले देव खाडीत सोडले तेव्हा गावकीने काय काय केलं. तू पाळण्यात होतास, तुला ऐकूनच माहीत. मी बघितलंय. बांधावरचं काम बंद, दुकान बंद, आजी वारली तर वाडीबाहेरचं कोणी फिरकलं नाही. वाळीत पडणं काय असतं ते मला कौसाबाईपेक्षा चांगलं ठाऊक आहे. पण बाबांच्या मागे सगळी वाडी होती. हिच्या मागे कोणी नाही. हे सगळं कळत होतं आणि तरीही माझा राग गेला नाही. आम्ही पुन्हा वेगवेगळं शिजवायला लागलो. कामाला एकत्र जायचो, एका सतरंजीवर बसायचो, बोलायचो नाही. मालकाच्या बायकोने विचारलं, कौशल्या से झगडा हुआ क्या?

एक दिवस कौसाबाई कामाला आलीच नाही. घरी आले तर तीही नुकतीच आली होती, पायाला चिखल लागलेला. नाल्यावर गेली होती, म्हणाली, खालच्या ओळीची जागा पायाने मोजून आली. दोन दिवसांनी मैत्रेयी आली तेव्हा स्वतःहून म्हणाली, चिठ्ठ्याच टाका. पर मी मागितलं असं गावात कुठं येऊ देऊ नका. संस्थेची अटच हाय म्हणून सांगा. मैत्रेयी म्हणाली, मला अट म्हणून सांगायचं तर ती खरोखरची अट हवी, थांबा. आठवड्याने परत आली. संस्थेने ठरवलंय, घरं चिठ्ठ्यांनीच मिळतील, कोणाला कुठली ते आधी ठरणार नाही. गावाला आता एवढंच ठरवायचंय, यायचं की नाही. आम्ही तिला चहा दिला. चहा कौसाबाईने केला होता, तिघींचा, एकाच पातेल्यात.

आता मुद्द्यावर येते. येत्या रविवारी गावात सभा आहे. कौसाबाई शुक्रवारी इथून निघेल. काल कपड्यांच्या घड्या घालता घालता तिने मला सांगितलं, की जागा चांगली आहे, पाणी गोडं आहे, हाताला काम आहे, हे ती सगळं सांगणार आहे. आणि हिरामण तिला भर सभेत विचारणार आहे, तू त्या बाईबरोबर एका खोलीत राहिलीस कशी. तेव्हा ती सांगणार आहे की दोन चुली होत्या, दोन घागरी होत्या, शिवताशिवत झाली नाही. तेवढं ऐकून आपला शेजार चालेल असं वाटलं तरच ते चिठ्ठ्या असूनही यायला हो म्हणतील. नाहीतर तीही बाहेर आणि गावही तिथेच, खाऱ्या पाण्यात. तिने मला गप्प राहायला सांगितलं नाही. तुला आदी सांगते, एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता घड्या घालत राहिली. शिवराम, मी रात्रभर विचार केला. मी सभेत असले तर ते ऐकून मला बसवणार नाही. मी उठेन, आणि खरं तेच बोलेन, आणि सगळं मोडेल. म्हणून मी येत नाही. बुद्धपौर्णिमेलाही येत नाही. आपल्या विहारातली ही कदाचित शेवटची पौर्णिमा, वंदनेला मी नसणार, हे मला लागेल. पण मी आले की मला कोणीतरी विचारणारच. कोणी विचारलं तर सांग, आक्काचे गुडघे धरलेत. गुडघे धरलेत हे खोटं नाही. तुला हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी, की ती बोलेल तेव्हा तुझं रक्त उसळेल, तेव्हा खरं काय होतं ते तुला माहीत असावं आणि तुला बसून राहता यावं. तुझ्या धम्मदीपला शेजारी बसव, त्याच्या खांद्यावर हात ठेव, तो उठायला बघेल. त्याला आत्ता काही सांगू नकोस, इथे राहायला आलात की मी सांगेन. सभा झाली की दुकानाच्या नंबरवर फोन कर. गावाने हो म्हटलं की नाही, तेवढं सांग. ती काय बोलली ते सांगू नकोस.

तुझीच,
आक्का
(द्रौपदी)