आधी कॉफी, मग काम

क्रुयाचा डोंगर
५ फेब्रुवारी १९४४

चि. सौ. फेरिदे हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

सगळ्यात आधी दारात आली ती बेन्वेनिदा, ओळखू येऊ नये म्हणून तुझ्या बापाने दिलेल्या माझ्याच जुन्या सलवारीत, तीही उलटी घातलेली. मागे तिचा नवरा मोशे घड्याळजी, कडेवर तान्ही पोर. शेवटी खेचर ओढत तुझा बाप. मी हसून वाकले, मग बाईच्या पायांचं रक्त दिसलं. प्रिश्तिनाहून पळताना जर्मनांनी तिच्या भावाला भर रस्त्यात गोळ्या घातल्या गं.

तुझ्या बापाला हुकूम होता, तालुक्यातले सगळे यहुदी चौकात हजर करा. आपल्या या मामलेदारसाहेबांनी, म्हणजे त्यानेच, वर कळवलं, माझ्याकडे एकही नाही. आणि होते ते सगळे डोंगरात पोचवले. हे तिघं माझ्या वाट्याला. घर कसं भरून गेलंय. पोर माझं बोट चोखते, सोडत म्हणून नाही.

म्हातारीवर जीव असू दे.
तुझी आजी, हायरिये

दुर्रेस
१९ फेब्रुवारी १९४४

ती. आजीस फेरिदेचा शि. सा. न. वि. वि.

जर्मनांनी बाबांचं शहरातलं घर फोडलं. बाबांच्या कारकुनाला अंगणात मारलं, तरी तो बोलला नाही. आता हवालदार घेऊन गावोगाव फिरतायत. आजी, मला बाप एकच आहे. त्या माणसांना दुसरीकडे धाड, पाया पडते. इकडचंही हेच म्हणणं आहे. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी फेरिदे

क्रुयाचा डोंगर
२८ फेब्रुवारी १९४४

चि. सौ. फेरिदे हिस अ. आ.

तुझं पत्र पोचायच्या आधीच ते येऊन गेले. पुढे आपला हवालदार बेकिर, मागे जर्मन साहेब नि त्याचे शिपाई. कॉफी दिल्याशिवाय आपण कुणाला कामाचं विचारत नाही. बेकिर सवयीने बसला, भाकरी-मीठ खाल्लं, जवाची कॉफी प्यायला. तिथंच मेला चुकला. माझं मीठ खाल्लं की माझा पाहुणा तो त्याचाही पाहुणा. साहेबाने मात्र कप माझ्या हातावर उडवला, साल निघालीय.

मग तुझ्या बापाला अंगणात ओढलं. बंदुकीच्या दस्त्याने तोंड फोडलं. दात मातीत पडले, कान फाटून लोंबला, तरी तो माहीत नाही एवढंच म्हणत राहिला. बायकांची खोली बघायला बेकिरला पाठवलं. आत मोशे पोरीच्या तोंडावर हात धरून बसलेला. बेकिर बाहेर आला, दार लावून पिस्तूल काढलं आणि म्हणाला, “आत माझी बहीण बाळंतीण आहे. जायचं तर आधी मला पाडा.”

त्यांनी त्याचा डावा हात मोडला. उजव्यातलं पिस्तूल काही खाली आलं नाही. कुत्रा मारला, खेचर मारलं, गवताची गंजी पेटवली. तोवर गावातले पुरुष बंदुका घेऊन कुंपणांवर चढले होते. साहेबाने इकडेतिकडे बघितलं नि निघाला.

तू लिहितेस, त्यांना धाड. अगं, पाहुणे काढून दिले असते तर तुझा बाप धड राहिला असता, पण बसला कुणाच्या घरात असता? मीच आत घेतला नसता. आता जबड्याला फडकं बांधून पेज पितो आणि त्यातूनच मला ओरडतो, म्हणजे बरा आहे. आज सकाळी तो नि बेकिर पाहुण्यांना घेऊन खिंडीपलीकडे माझ्या भावाकडे गेले. मोडके दोघं पुढे, धड तिघं मागे. बघून मला हसूच आलं.

तुझ्यावर राग नाही, तूही धरू नकोस.
तुझी आजी, हायरिये

ता. क. परत यायचं दोघांनीही सांगितलंय. साहेबाने शुक्रवार सांगितला, तोफ घेऊन. बेन्वेनिदा म्हणाली, चेरी पिकल्या की पहिल्या बाजाराच्या दिवशी, पोरीला चालवत.