जोत्याची उंची

११ मे, रविवार. सकाळी ६ वाजून ४० मि.
डाळ मिलच्या मागच्या दारात उकिडवा बसून टेपने मोजत होतो. समोरचा ओटा रस्त्यापासून ३३ इंच. आतली फरशी मागच्या गल्लीपासून ५ इंच. दोनदा मोजले. तिसऱ्यांदा आईला टेपचे टोक धरायला लावले. तेच आले.
मागच्या पावसाळ्यात नाल्याचे पाणी याच दाराने आत आले. फरशीवर १६ इंच. मोटर जळाली, तूर भिजली. विमा होता, पण कंपनीने दावा नाकारला. अर्जात "जोत्याची उंची" या रकान्यात मी ३३ इंच लिहिले होते. आपल्या इकडे घर किती उंच असे कोणी विचारले की माणूस ओटा दाखवतो. मीही ओटाच मोजला. ओट्यावरून मिलमध्ये तीन पायऱ्या खाली उतरावे लागते, हे रोज उतरूनही ध्यानात आले नाही. अर्जात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नव्हती. शब्दच चुकला; कंपनीच्या लेखी जोते म्हणजे आतल्या फरशीची उंची.
विमा २५ जूनला संपतो. त्याआधी काहीतरी करायचे.

१३ मे, मंगळवार
एजंट बंडूभाऊ दारव्ह्याहून आले. चहा घेतला. नवा अर्ज स्वतःच भरायला लागले.
"मागच्या वेळचंच उतरवून टाकू बे. ओटाच लिव्ह. कोन येते पाह्यले?"
म्हटले, मागच्या वेळी आले होते.
"थे पानी आल्यावर येतात. दर वर्षी पानी येते काय?"
मी ५ इंच लिहिले. ते म्हणाले, मग कंपनी पुराचा भाग वगळूनच पॉलिसी देईल, आगीचा तेवढा विमा मिळेल. "डाळीले आग कोन लावते? तुह्या मिलले पान्याचाच धाक हाय."
बरोबर आहे. म्हणून अर्ज आज दिला नाही. त्यांनी "पुर" लिहिले होते, ते "पूर" करून ठेवले.

१९ मे, सोमवार
गोविंदा मिस्त्रीला बोलावले. मिस्त्री आधी भिंतीला टेकून बिडी ओढतो, मग बोलतो. म्हणाला, मशीन काढ, आतली जमीन दीड फूट मुरमाने भर, वर काँक्रीट, मागचे दार फूटभर विटांनी बुजव. म्हणजे फरशी गल्लीच्या वर २३ इंच. मागचे पाणी गल्लीपासून २१ होते.
दोनच इंच शिल्लक?
"अन् वरून फूटभर इटा. तुले काय पान्याची लेखी हमी पाह्यजे?"
हो, पाहिजे. पण ती कोणी देत नाही.
टिनाचे छत डोक्याजवळ येईल. मिस्त्री म्हणाला, "लांबडा माणूस वाकून येईन. तुले नमस्कार केल्यावानी."
आई म्हणाली, बांगड्या मोडायच्या नाहीत, तेवढे सांगून ठेवते. तिच्या बांगड्यांचा विषय मी काढलाच नव्हता. मूर्तिजापूरच्या मामाच्या मुलाच्या लग्नासाठी जमवलेले पैसे आणि मिलच्या गल्ल्यातले मिळून भागणार होते. लग्नात आहेर कमी होईल.

२८ मे, बुधवार
मुरूम पडला. चार ट्रॉली. पाणी मारून धुमसाने ठोकतोय. हाताला फोड. मिस्त्री म्हणतो जास्त ठोकू नको, तरी मी ठोकतो. नंतर खचले तर?
बाजूला कमलमावशीचे घर. एकटी राहते, मूगवड्या घालून विकते, मूग माझ्याच मिलमधून नेते. तिची मागची मोरी गल्लीच्या बरोबरीने. दुपारी वाळवण उलटायला आली, मागच्या दारातल्या विटा पाहिल्या.
"काहून रे, दार बुजवून राह्यला?"
पाणी येऊ नये म्हणून.
"मंग थे पानी जाईन कुठी?"
हसून म्हणाली. मीही हसलो.
मागच्या वर्षी तिच्याकडे चार बोटे पाणी शिरले होते. बाकीचे माझ्या मिलमध्ये मावले. याचा विचार आज पहिल्यांदा केला. रात्री जेवलो नाही नीट.

६ जून, शुक्रवार
छताचे प्रत्येक टिन हुकाने पाइपला आवळले. आधी नुसते खिळे होते, वादळात खिळा निघतो, हूक धरून राहतो. मीटरचा बोर्ड वायरमनने पाच फुटांवर नेला. मशीन परत बसली. चालवून पाहिली. कंप कमी वाटला, की मला तसे वाटायला हवे होते म्हणून वाटला.

१७ जून, मंगळवार
कंपनीने यवतमाळहून पाहणीला इंजिनिअर मॅडम पाठवल्या. मी नव्या अर्जासोबत फोटो जोडले होते, आधी आणि नंतरचे, टेप धरून. मॅडमनी स्वतःचा टेप काढला. मागून मोजले, आतून मोजले. ओट्याकडे पाहिलेही नाही. बरे वाटले.
मी विचारले, हप्ता किती कमी होईल?
"फार नाही. दर जागेवर आणि धंद्यावर ठरतो. तुम्ही दीड फूट चढलात म्हणून नाला लांब गेला का?"
मग एवढे केले ते कशासाठी, असे तोंडातून गेलेच.
त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "पूर नाल्याचा असतो, नुकसान इमारतीचं असतं. पूर मी थांबवू शकत नाही, तुम्हीही नाही. तुम्ही नुकसान थांबवलंत. पुराचा भाग वगळायची शिफारस होणार होती, ती मी करणार नाही. नुकसानीतले पहिले दहा हजार तुमचे, पुढचं कंपनीचं. आणि मोटर जळलीच नाही तर कंपनीला अर्ज करायची वेळच येणार नाही. तो फायदा पॉलिसीत छापलेला नसतो."
हे शब्द त्या गेल्यावर लगेच लिहिले, विसरू नये म्हणून.
जाताना त्यांनी विचारले, बाजूचं घर तुमचंच का. नाही म्हटले. पाणी आता तिकडे वळेल, हे मी बोललो नाही. त्यांच्या कागदात त्यासाठी जागा नसेल. पण मी बोललो नाही, हे खरे.

२४ जून, मंगळवार
पॉलिसी आली. एक दिवस राखून. पूर समाविष्ट. जोते २३ इंच, बांधकाम पक्के. नाव बरोबर, पिनकोड बरोबर. चार वेळा वाचली. बंडूभाऊ फोनवर म्हणाले, "आता तरी झोप लेका."

९ जुलै, बुधवार
पहाटेपासून धार. साडेदहाला नाला फुगला, अकराला पाणी गल्लीत. विटांच्या भिंतीजवळ उभा राहून मोजत होतो. ९ इंच. १२. १४ वर थांबले. आत फरशी कोरडी. मुरूम कुठे खचला नाही. पायाने दाबून पाहिले सगळीकडे.
मग बाजूने भांड्यांचा आवाज आला.
मावशीच्या घरात गुडघ्याच्या खाली पाणी. मागच्या वर्षीपेक्षा पुष्कळ जास्त. पाणी माझ्या भिंतीला लागून सरळ तिच्या मोरीकडे वळत होते, डोळ्यांनी दिसत होते. ती मूगवड्यांचे डबे खाटेवर ठेवत होती. मी डबे उचलून मिलमध्ये नेऊ लागलो. सतरा डबे, दोन पोती मूग, शेगडी, गाद्या. खालचे तीन डबे भिजलेले. तिने झाकण उघडून वास घेतला आणि बाजूला ठेवले.
मिलच्या कोरड्या फरशीवर बसली. मग म्हणाली, "विमा तुहा, पानी माहं."
चिडून नाही. तूर महाग झाली म्हणतात तसे.
मी म्हटले, मावशी, मी माझं घर वाचवलं, तुमचं बुडवायला नाही.
"मले समजते ना बापा. पान्याले नाही समजत."
संध्याकाळी बंडूभाऊंना फोन केला. दुसऱ्याचा माल माझ्या मिलमध्ये ठेवला तर तो माझ्या विम्यात येतो का? म्हणाले, लिहून घेतला तर येतो. मग मावशीच्या घराचा विमा?
"तिच्या मातीच्या घराचा? त्याले कोन हात लावते? तुह्यासारखं आधी बांधू दे."
पाणी अडवायला घर पक्के लागते, आणि विमा मिळायलाही घर पक्केच लागते. ज्याचे घर कच्चे, तो दोन्हीकडून बाहेर. हे मला मे महिन्यात सुचायला हवे होते.

१० जुलै, गुरुवार
पाणी ओसरले. सकाळी मिस्त्रीला घेऊन मागच्या गल्लीत गेलो. त्याने काठीने चिखलात रेघ ओढली, माझ्या भिंतीपासून मावशीची मोरी ओलांडून थेट नाल्यापर्यंत. नाली काढावी लागेल, दीड फूट खोल, आणि तिच्या मागच्या भिंतीला फूटभर विटा. म्हणालो, धर कामाला. ग्रामपंचायतीत अर्ज मी लिहितो.
मावशी ओल्या मूगवड्या फेकत होती. तिला अजून सांगितले नाही. नको म्हणेल. तरी करणार.

झालेला खर्च:
मुरूम, सिमेंट, रेती, गिट्टी, विटा, हूक: २७,५९०
मिस्त्री व मजूर, दिलेले: १२,०००
वायरमन: ३,०००
विम्याचा हप्ता: ४,१३०
एकूण: ४६,७२०

देणे:
गोविंदा मिस्त्री, बाकी: ४,५००
कमलमावशी, तीन डबे मूगवड्या: भाव विचारणे
नाली व तिची मागची भिंत: मिस्त्री उद्या सांगेल