आखूड बाह्यांची कविता

बन्सी,

सोनईहून माणूस आला होता. अब्बा आज सकाळी गेले. मिळेल त्या मोटारीनं निघतोय, मातीला तरी पोचायला हवं. छापखान्यात मालकांना सांग. भाकरी शिंकाळ्यात आहे, खाऊन घे.

शिंप्यावरची कविता कशी झालीय म्हणून तू महिनाभर विचारतोयस आणि मी विषय टाळतोय. तू ती वाचलीस तेव्हा मंडळात सगळे हसले, मी हसलो नाही. तो शिंपी कोण, हे तुलाही ठाऊक होतं. आता सांगून टाकतो. पहिली तीन कडवी झकास आहेत, एका शब्दालाही हात लावू नकोस. शेवटचं कच्चं आहे. शिंप्यानं कापड खाल्लं म्हणून तू टाळी घेतोस आणि तिथंच थांबतोस. कापड कुठं गेलं ते विचारत नाहीस. कापड कार्डावर मोजून मिळतं अशा या कंट्रोलच्या दिवसांत अब्बा बाह्या चार बोटं आखूड ठेवायचे आणि उरलेल्या तुकड्यांतून त्याच गिऱ्हाइकाच्या लेकराला टोपडं शिवून द्यायचे. ते कडवं लिही.

कविता त्यांना मीच वाचून दाखवली होती, रागानं. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, "लई खरं लिहितंय पोरगं."

माझ्या ट्रंकेत वरच एक सदरा आहे, तो तुझा. आठ दिवसांपूर्वी त्यांनी पाठवला होता. मी रागात दिलाच नाही. घालून बघ. बाह्या पार मनगटाखाली येतात.

नूरमहंमद