दुर्वाचे चाळीस तास

गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

दुर्वा चारला आली, सहाला गेली. कॅलेंडरवर पेन्सिलीची खूण केली. एका खुणेचे दोन तास — एकूण छत्तीस झाले.

समोरच्या मनीषाची ही मुलगी, बारावीत. समाजसेवेचे चाळीस तास भरल्याशिवाय शाळा दाखलाच देत नाही, असं तीच सांगते! म्हणून गुरुवारी आणि रविवारी मला पोथी वाचून दाखवते. घरची मराठी, पण वाचते अडखळत. "आजी, ये शब्द तो मालगाडी से भी लंबा है!" हसता हसता माझ्या हातून जपमाळ पडली.

चारच तास राहिले.

रविवार, ९ नोव्हेंबर

अडतीस.

विपुलचा पुण्याहून फोन — "सब ठीक ना, आई? चलो, ठेवतो." पोराला वेळ नसतो. दुर्वा जाताना दारातच अर्धा तास बोलत उभी असते. तो अर्धा तास मी हिशेबात धरत नाही. तो माझा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज चाळीस भरले. ती यायच्या आधी मी रबरानं दोन खुणा पुसल्या.

"आजी, कितने हुए?"

"छत्तीस."

"अच्छा! तुम्ही हिशेबाच्या पक्क्या. तुमचंच बरोबर."

ती गेल्यावर हे पेपरामागून म्हणाले, "इतक्या वर्षांत दुधाचा अर्धा लिटर नाही चुकला तुझा. आताच काहून चुकून राहिला?"

"तुम्ही पेपर वाचा," म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर. एकादशी

उपास धरला, पण देवापुढे हात जोडवेनात. भाजीच्या गाडीवर मनीषा भेटली. फॉर्म वीस तारखेच्या आत द्यायचा आहे, त्यावर माझीच सही हवी. लेकराचं वर्ष माझ्यापायी अडकलं तर!

मला काय हवं होतं? चार वाजता कुणी बेल वाजवावी, "आजी" म्हणावं. बस.

उद्या सांगून टाकते. मग गुरुवार रिकामा. रविवारही.

रविवार, १६ नोव्हेंबर

"दुर्वा, मी खोटं बोलले गं. चाळीस गुरुवारीच झाले. आण तो फॉर्म."

"रहने दो ना, आजी. पुढच्या वेळी."

ऐकलं नाही. बॅगेतून काढायलाच लावला. भिंग धरून सहीची जागा शोधत होते, तर वरच ठळक छापलेलं — कमीत कमी तीस तास. तीस!

मी तिच्याकडे पाहिलं. कान लालेलाल.

ह्यांनी पेपर खाली केला. "घ्या! दोघीही चोर."

सही केली. आज कॅलेंडरवर खूण केली नाही.