रिकामी गिरणी

३ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साथीने इथे माणसांची डोकी फिरलीत. खोकला नुसता कानावर पडला तरी रोग लागतो, असं अख्खी गल्ली मानते. शिंपी खोकला, तर त्याच्या दाराला बाहेरून खिळे ठोकले. आईचा खोकला आपल्या गिरणीतल्या पिठाचा, वर्षानुवर्षांचा. पण सांगणार कोणाला? गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. तिला थोडे दिवस तुझ्याकडे ने. तिने गाठोडंसुद्धा बांधून ठेवलंय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ मे

चि. पिठोबास,
अ. उ. आ.

आईला लगेच नेलं असतं. पण आमच्या इमारतीत बाहेरच्या माणसाला घेत नाहीत, आणि ह्यांना आधीच धडकी भरलीय. आई मला का जड आहे? साथ ओसरली की नेईनच. तोवर तिला मागच्या खोलीत ठेव आणि गिरणी चालू ठेव. त्या घरघरीत आपण एकमेकांच्या झिंज्या उपटायचो, तरी आईला पत्ता नसायचा. डोकं चालव जरा, नुसतं पीठ भरलंय त्यात.

माया आहेच, पत्र टाकत जा.
तुझी ताई

२० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. दळण नसलं तरी गिरणी दिवसभर फिरवतो. आई मधेच येऊन बायकांशी गप्पा मारायची, म्हणून खिडकी लावली, बाहेरून कडी घातली. दगड रिकामे फिरवले की झिजतात, म्हणून ती आतून दार बडवते. तिचा स्वभाव तुला ठाऊकच आहे. गिऱ्हाईकं परत येऊ लागलीत.

तुझाच धाकटा

२६ मे

ताई,

काल दार वाजलं नाही. वाटलं, रुसली. कडी काढली तर उंबऱ्याशीच पडलेली, दाराच्या फटीतून आत आलेलं सगळं पीठ अंगावर. दगडांसाठी नव्हती गं बडवत ती.

परसात एकट्याने पुरलं. गाठोडंही सोबत ठेवलं. गिरणी सुरू केली आणि मग रडलो. गल्लीला सांगितलंय, आई तुझ्याकडे गेली. कोणी विचारलं तर हो म्हण.

धाकटा

२ जून

चि. पिठोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र जाळलं. ह्यांना काही बोलले नाही. खालचा मजकूर गल्लीत मोठ्याने वाचून दाखव.

आई सुखरूप पोचली. नातवंडांत रमलीय. इथली हवा तिला मानवली, खोकला पार थांबला. सगळ्यांना तिचा आशीर्वाद.

तुझी ताई