गाई ठणठणीत आहेत

१४ जून

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आमच्या पशुवैद्यकीय खात्याच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतेय. अक्षर वेगळं दिसतंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. मजकूर माझाच आहे.

तुझा राग कळतो. तुझ्या गाईंच्या रक्तात गोचिडींच्या तापाच्या खुणा सापडल्या, आणि ते सांगणारी सख्खी बहीण. बोभाटा झाला, दूध कोणी घेईना. तू म्हणालास, "गाई ठणठणीत आहेत. आजारी आहे तो तुमचा कागद." दादा, गाई ठणठणीत आहेत हीच तर भीती आहे. त्यांना काही होत नाही. विषाणू येऊन जातो, रक्तात नुसती खूण राहते. पण ज्या गोचिडींनी तो आणला त्या गोठ्यातच आहेत. त्या माणसाला चावल्या, किंवा माणसाने नखावर चिरडल्या, की माणूस आडवा होतो.

रक्त घ्यायला आले त्या दिवशी माझे हातमोजे बघून तू हसलास. घरच्या गाईला हात लावायला मोजे लागतात का, म्हणालास. मला आपलं लहानपण आठवलं. गोचिडी नखावर फोडायच्या आणि कुणाची मोठ्याने वाजली यावर भांडायचं. मी मोजे काढले. तांबडीच्या कानामागची एक टपोरी तू फोडलीस, एक मी. किती दिवसांनी हसलो आपण.

आता सांगूनच टाकते. मला तोच ताप आहे. काचेच्या खोलीत ठेवलंय. मी बोलते, पलीकडे नर्सताई लिहून घेतात. कालपासून हिरड्यांतून रक्त येतंय. डॉक्टर आशा आहे म्हणतात, पण माझ्याकडे न बघता म्हणतात.

तुझं अंग मोडून आलं असेल, डोकं ठणकत असेल, तर आत्ताच ड्रायव्हरबरोबर निघ. नसेल तरी निघ. वहिनी कासेवरच्या गोचिडी नुसत्या बोटांनी काढतात, त्यांनाही आण. रागावायचं तर गाडीत बसूनही रागावता येतं. मी पाया पडते तुझ्या.

मला फार भीती वाटते रे. तुझा फोन नुसता वाजत राहतो तेव्हा सगळ्यात जास्त.

माझ्या हातचा कागद या खोलीतून बाहेर जाऊ देत नाहीत, म्हणून सही नाही. मीच आहे हे पटावं म्हणून नर्सताईंना एवढं लिहायला सांगितलंय: त्या दिवशी माझी मोठ्याने वाजली होती, आणि तू कबूल करत नव्हतास. आता कर. तुझी फुसकी निघाली असू दे.

वाट बघणारी,
तुझी धाकटी